अझाराया पार्डी तीनदा बुडाला

ड्रुसिला पार्डींचा फोन आला तेव्हा
मी ग्रंथालयाचा प्रिंटर उलटा करून बसलो होतो.
म्हणाल्या, "माणसं गेली रे माझी."
किती, विचारलं,
तर म्हणाल्या, "तूच येऊन मोज."

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला एप्रिलातही
खाडीत बर्फाच्या लाद्या एकमेकींना घासत असतात.
स्वयंपाकघरात मेणकापडावर लॅपटॉप,
शेजारी चहा, दूध डब्यातलं.
पडद्यावर एकच गृहस्थ:
अझाराया पार्डी. जन्म १८११, मृत्यू १९४३.
बायका चार, त्यांतली एक त्याचीच आजी.
मुलं एकतीस.
बुडून मृत्यू. बुडून मृत्यू. बुडून मृत्यू.
वर लाल त्रिकोण: वंशावळीत चक्र आढळले.

झालं होतं इतकंच,
सॉफ्टवेअरनं विचारलं,
या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या वाटतात, एकत्र करायच्या?
आणि बाई जन्मभराच्या भिडस्त.
कुणी नीट विचारलं की "हो" म्हणायचं.

मी बॅकअप शोधला.
पेन ड्राइव्हवर नातवाचे हॉकीचे फोटो.
फोल्डरमध्ये तीन प्रती होत्या,
तिन्ही त्या संध्याकाळनंतरच्या,
चूकच तीनदा जपून ठेवलेली.

मग हातानं सोडवायला बसलो,
गुंतलेलं जाळं सोडवतात तसं, गाठ न कापता.
मी तारखा विचारायचो, त्या माणसं सांगायच्या.
"हा झऱ्यावरचा अझी.
हा दोन बोटांचा.
ल्युसीचा अझी हा, आणि हा गप्प अझी,
सीलच्या शिकारीला गेला, त्याची टोपी तेवढी आली.
हा मात्र अंथरुणात गेला, त्याचं त्यालाच नवल वाटलं."
म्हटलं, टोपणनावाचा रकाना आहे की इथं,
रिकामा का ठेवलात?
"ते काय लिहायचं? सगळ्यांना ठाऊक आहे."
सगळे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.
खिडकीतून पलीकडचा किनारा दिसत होता,
घरं नसलेला.
तिथली घरं पन्नास वर्षांपूर्वी तराफ्यांवर घालून
या बाजूला ओढून आणली,
चुली, पलंग, एका घरात तर मांजरही.
कबरी तेवढ्या तिकडेच राहिल्या.

त्यांच्या नावानं पाणी सोडायला कुणी नव्हतं.
पाण्यानं मात्र त्यांना सोडलं नाही.

अकरा वाजता पाच अझाराया वेगळे उभे राहिले,
ज्याची त्याची बायको, ज्याचं त्याचं मरण.
त्रिकोण गेला.
मी कोट घातला आणि सहज नोंदवही उघडली:
त्या संध्याकाळी "हो", "हो", "हो", "हो", "हो".
पाच वेळा.
म्हणजे माणसं सहा होती.

पुन्हा बसलो.
कोण राहिला, हे आठवलं असतं
तर तो राहिला नसता.
बाईंनी बोटं मोडली, चहा गार झाला,
बर्फ बाहेर कुरकुरत होता.
बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या,
"दोन बोटांच्याच्या आधी एक तान्हा होता.
अकरा दिवसांचा.
तो गेल्यावर नाव वाया जाऊ नये म्हणून
पुढच्याला दिलं."
आणि मग, थोड्या रागानं,
"मी लिहिला होता त्याला. नक्की लिहिला होता."

असेल. नसेलही.
नव्या चौकटीत त्यांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं.
एंटर दाबताच सॉफ्टवेअर, पहिल्यासारखंच अदबीनं:
ही व्यक्ती आधीच अस्तित्वात आहे. एकत्र करायची?

बाईंनी चष्मा पुसला.
बाण हळूहळू सरकवत नेला, दोनदा चुकला,
आणि "नाही" इतक्या जोरात दाबलं
की बशीतला चमचा वाजला.

मग मला विचारलं,
बॅकअप ठेवतात म्हणजे नेमकं कुठं ठेवतात?