सपाट चमचा

मंगळवारी ग्रिम्सबीत, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
माझा वजनकाटा बसतो.
बसतो म्हणजे मीच त्याला डिकीतून काढून
बॅडमिंटनच्या पिवळ्या रेषेवर ठेवते,
वर निळा कागद पसरते, शून्य येईतो थांबते.
हॉलला हीटर आहे. त्याचा आवाज येतो, ऊब येत नाही.

आधी रासा, मासळीच्या कारखान्यातून रात्रपाळी उरकून थेट,
हात तीनदा धुतलेले तरी बोटांना कॉडचा वास.
तिचा टोमास खुर्च्यांखाली बोगदा करतो.
पुढचे दोन दात काळे पडलेत त्याचे.
दंतवैद्याची वेळ घे, मी म्हणते,
आणि मग आम्ही दोघीही हसतो,
कारण या गावात ती कुणाला मिळाली आहे.

मग कर्स्टी. एकोणिसावं सरलेलं नाही.
ओटिसला तीन गुंडाळ्यांतून सोडवता सोडवता
सगळं ठीक आहे, हे मी विचारायच्या आत सांगून टाकते.
पाच किलो चारशे.
मागच्या वेळी पाच किलो चारशे.
मी त्याला उचलून पुन्हा ठेवते. काट्याचा दोष नाही.
लाल वहीतली त्याची रेघ तीन महिने चढली
आणि मग ओहोटीतल्या होडीसारखी
चिखलात आडवी झाली.

किती पितो? सहा औंस.
दिवसातून? पाचदा.
एका बाटलीत चमचे किती?

ती हीटरकडे बघते.
इथे गप्प राहायचं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं.
मी गप्प राहते. ओटिस माझं ओळखपत्र चोखतो.

चार, ती म्हणते.
महिना संपताना चार. एरवी सहा, शप्पथ.

सरकारी कार्डावर येतात त्याहून डबा महाग,
आणि दुकानात त्याला हल्ली कडी घालतात,
व्हिस्कीला घालतात तशी;
हात लावला तर गार्ड जवळ येऊन उभा राहतो.
पोटाला चिमटा, आपण म्हणतो. तो स्वतःच्या पोटाला काढायचा असतो.
तिने तोही काढलाय. बाहीतून मनगट बाहेर येतं, ते मी पाहिलंय.

आई नंदुरबारकडच्या अंगणवाडीत सुकडी वाटायची.
मापावर शीग ठेवायची, भरभक्कम, ओघळेपर्यंत.
सपाट द्या बाई, हिशेब लागत नाही, साहेब म्हणायचे.
हो म्हणायची, आणि शीग ठेवायची.
पोतं कमी पडलं की आमच्या डब्यातलं पीठ जायचं.
मला तिचा राग यायचा.
अजूनही थोडा येतो.

आणि मी इथे, हॉलच्या स्वयंपाकघरात,
पोरीला शिकवते: शीग नको,
सुरीच्या पाठीने सपाट कर,
जास्त झालं तर त्याच्या मूत्रपिंडांना झेपायचं नाही,
कमी झालं तर,
ते तुला ठाऊक आहे.
आधी पाणी, मग पावडर.
ती सुरी अशी धरते, जणू परीक्षा चाललीय.
खुर्च्यांखालून टोमास तिचे चमचे मोजतो, त्याच्या भाषेत:
व्येनस, दू, ट्रीस.
दू मला ओळखीचा वाटतो. पेंकीपाशी मी पाच म्हणते.
शेशी, तो ओरडतो, आणि कर्स्टी थांबते.

फॉर्म भरला. डॉक्टरांना फोन केला, उद्या नऊ दहा.
अन्नपेढीत बाळाचं दूध देत नाहीत, तो त्यांचा नियम.
माझ्या डिकीत एक डबा होता.
तो कुठून आला, हे मी कुठल्याही रकान्यात लिहिलं नाही.
घरी गेल्यावर नवरा विचारेल, आणि मी
आईसारखं हो म्हणेन.

वहीत आजचा ठिपका कालच्याच उंचीवर.
काटा पुसला, निळा कागद गोळा केला.
बाहेर गोदीवरून वारा सुटला होता,
कर्स्टी बाबागाडी उलटी ओढत नेत होती,
त्याच्या तोंडावर येऊ नये म्हणून.