परक्यांच्या रांगेतून

विमानतळावर मी परक्यांच्या रांगेत उभी राहते.
काचेमागचा पोरसवदा अधिकारी नावापाशी अडखळतो:
सेगुला... वाक्रुळकर?
वाक्रुळ पेणजवळ आहे, म्हणतो, माझ्या मावशीचं सासर.
असेल, मी म्हणते, मी पाहिलेलं नाही.
मराठी कुठे शिकलात?
डिमोनात. मोरीत भांडी घासताना.
शिक्का पडतो. कारण: पर्यटन.

खरं तेच आहे, पण कुणाला पटत नाही.
टॅक्सीवाल्याला, लॉजच्या डिमेलोबाईंना,
टपाल तिकिटं विकणाऱ्या कारकुनालासुद्धा
वाटतं, मी मुळं शोधत आले.
मुळं पहिल्याच खेपेला शोधून झाली.
सॅम्युअल स्ट्रीट, दुसरा मजला,
तिथे आता वेलदोड्यांचं गोदाम आहे.
हमालाने एक वेलदोडा तळहातावर ठेवला.
मी तो खाल्ला. झालं.

दुसऱ्या खेपेला बहीण होती बरोबर.
ती दर दारापाशी रडायची
आणि मला भूक लागायची.

यंदा एकटी. नुसती फिरायला.
आई ज्याला अनाशी ढाकाचा सण म्हणायची
तो परवा संपला.
सात दिवस खमीर वर्ज्य,
सात दिवस पुठ्ठ्यासारखी भाकर दाताखाली मोडत बसायचं.
आठव्या दिवशी मी विमानात,
नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला
माझगावातल्या बेकरीच्या पायरीवर,
हातात भट्टीतून आत्ता निघालेला ब्रून,
बोटं भाजतायत, लोणी मनगटावर ओघळतंय.
देवा, तुझं समुद्र दुभंगणं मोठंच,
पण हा पाव दुभंगतानाचा आवाज,
तोही तू कान देऊन ऐकत असशील.

चैत्र आहे. झगा पाठीला चिकटलाय.
याला इथे वसंत म्हणतात, आणि म्हणताना कुणी लाजत नाही.
सोनमोहराची पिवळी फुलं उभ्या गाड्यांवर,
वायपरखाली अडकलेली, दंडाच्या पावतीसारखी.
एका शाळेच्या भिंतीवरून ताम्हण बाहेर वाकलाय.
वाळवंटातल्या बाईला इतकं जांभळं एकदम झेपत नाही,
मी थोडं थोडं बघते,
मध्ये मध्ये गटाराकडे बघते, मग परत वर.

दुपारी शिवडीला. ओहोटी.
काळ्या चिखलात रोहित पक्षी, मान खाली, चोच उलटी.
तेही बाहेरगावचे, दरसाल येतात, खातात, जातात.
त्यांना कुणी विचारत नाही, घर सापडलं का.

माझी मराठी चौसष्ट सालची,
आईने बोटीतून नेली तशीच घडी करून ठेवलेली.
संध्याकाळी मी विचारते, इष्टोवर चहा टाकू का?
डिमेलोबाई हसून हसून खुर्चीत बसतात.
मग डोळे पुसत म्हणतात, परत बोल गो तो शब्द.
मी परत बोलते.
त्यांच्या कामवालीलाही बोलावलं जातं ऐकायला.

हे माझं शहर नाही.
असतं तर पाणी कधी येतं, पागडी किती, वरचा का ठोकतो,
यातच माझं आयुष्य गेलं असतं.
आईचं तेच झालं. ती या गावावर रागावून गेली
आणि तिथे चाळीस वर्षं त्याच्याशी भांडत राहिली.
मी भांडणाच्या नंतर आलेली,
मला फक्त आवडतं.

शेवटच्या दिवशी, नाक्यावर,
खोका खांद्यावर घेतलेला एक मुलगा थांबला:
मावशी, भाऊचा धक्का कुठून?
मी हात लांबवून सांगितलं. सरळ, मग डावीकडे.
इतकं ठामपणे, की मलाच बरं वाटलं.
तो गेल्यावर आठवलं, उजवीकडे.
साठीच्या गुडघ्यांनी मी नाक्यापर्यंत धावले.
दिसला नाही.
कुणीतरी सांगितलं असेल त्याला बरोबर,
किंवा पुन्हा चूक, तेवढ्याच ठामपणे.

मी डावीकडे वळले.
त्या रस्त्याने मी कधी गेलेच नव्हते.