किंग अब्दुल अझीझ रस्ता, पहाटे चार

शारजातला हा एकच रस्ता इतका सरळ.
बाकीचे वळतात, मशिदीला, बँकेला,
कुणाच्या तरी कुंपणाला मान देत.
हा कुणासाठी वळत नाही.
दोन्ही बाजूंना मोबाइलवाले, शिंपी, एक मलबारी दातांचा डॉक्टर,
आणि खाली, म्हणतात, अजून ती जुनी धावपट्टी
उताणी पडलेली.

मला हे खलफानने सांगितलं.
खलफान बिन सरूर, शेजारच्या इमारतीचा राखणदार,
साखर नको म्हणतो आणि तीन चमचे घालतो.
त्याचा बाप इथे बत्त्या लावायचा.

तेव्हा इथे नुसती वाळू, पायाखाली पापडासारखी मोडणारी,
आणि एक किल्ला, फक्त एका रात्रीच्या पाहुण्यांसाठी.
लंडनहून हिंदुस्थानात निघालेले साहेब उतरायचे, झोपायचे,
सकाळी दाढी करून पुढे.
पेट्रोल डब्यांतून यायचं, होडीतून, मग उंटावरून.
भरलेला डबा कंपनीचा, रिकामा गावाचा.
डब्याचं छप्पर, डब्याची घागर, डब्याचा पाळणासुद्धा.
खलफानची आजी मरेपर्यंत म्हणायची,
पाण्याला पेट्रोलचा वास नसेल तर तहान भागत नाही.

एका रात्री विमान आलं नाही.
कुठलं, किती माणसं, खलफानला ठाऊक नाही.
बत्त्यांच्या दोन रांगा लागल्या होत्या, वारा वाळू फेकत होता.
साहेब तारयंत्राला कान लावून बसला,
मग उठला,
मग आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.
विझव म्हणून कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या रात्री रॉकेल संपलं.
बापाने होड्यांना फासायचं मुशीचं तेल ओतलं.
तिसऱ्या रात्री घरातलं तूप.
महिनाअखेरीला रॉकेलचे पैसे पगारातून कापले गेले.
तुपाचं कुणी विचारलं नाही.

मी विचारलं, काय वाटलं असेल रे त्याला?
खलफान म्हणाला, वाटायला वेळ कुठे होता,
वारा होता.

मी विमानं दुरुस्त करतो. मालवाहू, म्हातारी, गळकी.
बाबा ओझरला मिगच्या पंखात रिव्हेट ठोकत.
संध्याकाळी हातपाय धुताना डोक्यावरून आवाज गेला
की नळ बंद करत आणि ओठांतल्या ओठांत मोजत.
काय मोजता, म्हटलं तर म्हणत,
गेली तेवढी आली पाहिजेत.
बस्स. मग टॉवेल मागत.

लॉगबुकात सही केली, वेळ टाकली,
की ते विमान माझं नाही, असं नियमात आहे.
तरी शिफ्ट संपल्यावर मी गाडीत बसून राहतो,
फोनवरच्या नकाशात एक पिवळं विमान
लाल समुद्र ओलांडतं, मुंगीसारखं,
आणि एंटेबीला टेकेपर्यंत मी किल्ली फिरवत नाही.
बायकोला सांगतो, ओव्हरटाइम.

मग हा रस्ता. पहाटे चार.
दिव्यांच्या दोन रांगा, मधे कुणी नाही,
सगळे सिग्नल एकदम हिरवे.
लॉन्ड्रीच्या पाटीपाशी पाय आपोआप ब्रेकवर जातो.
मागचा टॅक्सीवाला हॉर्न देतो, पुन्हा देतो.
काच खाली करून त्याला काय सांगू,
की बाबा रे, थांब,
इथे पट्टी संपते,
आणि एक जण अजून यायचा आहे.