सुतार लेण्यातल्या फासळ्या

मी तिचं तिकीट पाहिलं नाही, हनुवटी पाहिली.
ओठाखालून उतरलेले काळेनिळे पीळ,
नेच्याचा कोंब उलगडता उलगडता थांबावा तसे.
नाव हुइया. समुद्रापल्याडच्या माओरींची.
"या नावाचा एक पक्षी होता," म्हणाली,
"लोकांना टोपीत पिसं हवी झाली, आणि संपला."
हसली. मी हसावं का, कळेना.

वीस वर्षं वेरूळच्या दहा नंबरात
माझं एकच वाक्य:
वर बघा, दगडात लाकडाचे वासे!
लोक वर बघतात, मोबाईल वर करतात.
ही बूट काढून उभी. मोजत राहिली.
"वासे नाहीत. फासळ्या.
आमच्याकडं सभेचं घर म्हणजे पूर्वज.
आढं त्याचा कणा,
दारावरच्या कोरीव फळ्या त्याचे पसरलेले हात."
मग खालच्या आवाजात नावं घेत गेली:
डोंगराचं, नदीचं, होडीचं,
सगळ्यात शेवटी माणसांची.
बुद्ध पाय सोडून बसलेला. ऐकत असावा.

बाहेर सोजरबाई, सीताफळांची पाटी,
हनुवटीवर तीन ठिपके, मनगटावर तुळस.
दोघी एकमेकींच्या हनुवट्या बघत राहिल्या,
मी दुभाष्या, मधी उगाच.

"कुणी गोंदलं?"
"मावशीनं. आधी हाडाच्या छिन्नीनं गोंदायचे,
कातडीत चर पडायचे, लाकडात पडतात तसे."
"मला मालेगावच्या जत्रंत. तीन सुया अन् काजळी.
आय म्हणली, रड, पण हालू नको.
सोनं हितंच काढून घेत्यात,
संगं येतं ते एवढंच."

हे सांगितलं तशी हुइया गप्प झाली.
मग म्हणाली, गोंदलेल्या पूर्वजांची मुंडकी
बंदुकांच्या बदल्यात गेली,
परक्या कपाटांत राहिली.
आता एकेक घरी आणतोय.
बायका दारात उभ्या राहून हाक मारतात: या.

"काय म्हणती?"
मला नीट जमेना. म्हणालो,
त्यांच्यात मेलेल्यांना आणायलाही
मुराळी धाडावा लागतो.
"मंग धाडा की लवकर."
तिनं सीताफळ फोडून अर्धं पुढं केलं.
हुइयानं कपाळ तिच्या कपाळाला,
नाक नाकाला टेकवलं.
"अगं बया," सोजरबाई दचकली,
आणि तशीच राहिली,
माशी हाकलायला उचललेला हात हवेतच.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवता उतरवता विचारलं तिनं,
"पोचले का त्यांचे माणसं?"
म्हणालो, लांब आहे.