रामशेजला जायचं ठरलंय

रविवारी पहाटे साडेपाचला निमाणीवर भेटायचं,
पेठ रोडची पहिली गाडी पकडायची,
आशेवाडीच्या फाट्यावर उतरायचं.
क्षेमकल्याणी हे सगळं विजेच्या बिलामागे लिहितो,
प्रेसमध्ये नोटांचे नंबर तपासायचा
त्याच अक्षरात, शून्य गच्च बंद करून.

पाण्याच्या बाटल्या दोन.
म्हणजे दीड. त्याला दिवसाला पाऊण लिटर, मोजून,
चहाचा घोटसुद्धा त्यातच.
द्राक्षं दहा. भत्ता बिनमिठाचा,
म्हणजे भत्ता नकोच.
काठी त्याची. टोपी ज्याला ऊन लागेल त्याची.

पायऱ्या किती, यावर आमचं भांडण.
तो म्हणतो चारशे. मी म्हणतो, तुला काय ठाऊक,
सत्त्याऐंशी साली अर्ध्यातून परत फिरलास
चपलेचा अंगठा तुटला म्हणून.
"अंगठा नव्हे, पट्टा."
सुई टोचता टोचता नर्स हसते.

मंगळवार, शुक्रवार. चार-चार तास
यंत्र त्याचं रक्त बाहेर काढतं,
धुतं, परत घालतं,
आणि मी शेजारच्या स्टुलावर
गुडघ्यांवर गड पसरून.
खिडकीतून तो दिसत नाही.
दिसतं एक होर्डिंग, मागे पाण्याची टाकी.
टाकीलाच हा रामशेज म्हणतो.

सांगतात, वेढा पडला तेव्हा गडावर तोफा नव्हत्या.
मग लाकूड पोखरलं, वरून कातडं मढवलं,
दारू ठासली.
खाली एवढी मोठी छावणी,
वर लाकडाचा आवाज.
वर्षं गेली म्हणतात त्यात.

रविवार येतो.
कधी त्याला धाप, कधी पायांवर सूज,
एकदा तर माझ्याच पुतण्याचा साखरपुडा.
सोमवारी फोन वाजतो:
"मग, या रविवारी नक्की?"
नक्की, मी म्हणतो.
नवं बिल शोधतो, उलटं करतो.
साडेपाच. निमाणी. पहिली गाडी.
ठासून भरतो.

काल त्याने माझ्या हातातून पेन घेतलं,
द्राक्षांच्या खाली, थरथरत, एक ओळ वाढवली:
दोरी. उतरताना लागेल.

अरे, रामशेजला दोरी कशाला, पायऱ्या आहेत की,
मी म्हणणार होतो.
पुढे लिहिलं:
सुती. वीस फूट.