उभा हा रकाना

सहा दिवस मी माणसांची हजेरी लिहितो,
शुक्रवारी पाखरांची.
उम्म अल कुवैनच्या खोरात, तिवरांच्या मागे,
ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो
आणि हन्कूर उतरतात,
काळे-पांढरे, निळसर उंच पायांचे,
चोच जाड, सुताराच्या हत्यारासारखी.
('सारखी' मी इथेच लिहितोय, वहीत नाही.)
मराठीत त्यांना काहीतरी नाव असणार.
आमच्या मुरुडला कधी दिसले असते तर विचारलं असतं.

दर दोन मिनिटांनी गजर.
गजराला तो काय करतोय तेवढंच लिहायचं:
चालणे. टिपणे. पिसे साफ. पळणे. उभा.
मधला वेळ त्याचा.

पहिल्या शुक्रवारी मी लिहिलं, पिल्लू भुकेलं आहे.
डॉक्टर मौझांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारली.
'तुला कसं कळलं?'
ओरडतंय ना सारखं.
'मग ओरडतंय लिही. किती वेळा ते लिही.
त्याच्या पोटात तू गेला नव्हतास.'
त्यांची हिंदी सिनेमातली, पण वाक्य पक्कं.

तर पिल्लू. पाठ करडी, उंची मोठ्याएवढी.
तो मोठा आई की बाप, मला दुरून कळत नाही.
तो चालला की हे मागे.
तो थांबला की हे थांबतं, मान खाली घालून,
बारीक शीळ, चौदा वेळा. मग एकवीस.
मोठ्याने खेकडा धरला, आपटला,
नांग्या झडल्या, आणि स्वतःच गिळला.
लिहिलं: टिपणे.
पुन्हा तेच. लिहिलं: टिपणे.
छत्तिसाव्या मिनिटाला तिसरा खेकडा
त्याने पिल्लाच्या पुढ्यात ठेवला,
की चोचीतून निसटला?
वहीत 'दिला' आहे, 'निसटला' पण आहे.
गजर वाजून गेला तरी मी पेन्सिल धरूनच.
शेवटी प्रश्नचिन्ह काढलं.
मौझाबाई म्हणाल्या, हे तुझं पहिलं बरोबर उत्तर.

परतताना खारट जमिनीवर कोल्ह्याची पावलं,
एका ओळीत, मागचा पाय पुढच्याच ठशात.
आमच्या गाडीच्या चाकापर्यंत आलेली, तिथून वळलेली.
घाबरला असेल, मी म्हणालो.
त्या नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे.
वळला, मी म्हणालो.

शनिवारी साइट. पाच मजली पार्किंग चाललंय.
अकरा वर्षं टाइमकीपर आहे मी,
माझ्या कागदाला दोनच अक्षरं येतात, हजर आणि गैरहजर,
आणि फोरमनच्या मर्जीने कधी एक लाल फुली.
साडेअकराला तिसऱ्या स्लॅबवर गुलशेर
हातातली सळई खाली ठेवून उभा,
तोंड खोराकडे.
फोरमन खालून ओरडला, लाव फुली,
अर्धा दिवस काप, आळशी आहे साला.
तुला कसं कळलं, हे माझ्या ओठांपर्यंत आलं
आणि तिथेच राहिलं. नोकरी माझीही आहे.
फक्त घड्याळ बघितलं.
दोन मिनिटांनी वर बघितलं. उभा.
आणखी दोन. उभा.
आणखी दोन. उभा.
मग त्याने बाटलीतलं पाणी मानेवर ओतलं,
थोडं प्यायला, सळई उचलली.
मी फुली मारली नाही.
त्या चौकोनात हात आपोआप गेला तिकडे गेला.

बुधवारी पगाराच्या ऑफिसातून वर्गीसचा फोन.
शीटवर हे 'उ' काय आहे?
सिस्टम घेत नाही. रजा की गैरहजर?
दोन्ही नाही. उभा होता.
किती वेळ?
सहा मिनिटं. सातही असतील,
मधला वेळ मी बघत नव्हतो.
कशासाठी उभा होता?
मागे त्याच्या पंख्याचा आवाज येत होता.
ते दिसलं नाही, वर्गीस, मी म्हणालो.