बुरुलाईचा कॅमेरा बंद आहे

पहिल्या आठवड्यात मी पंचेचाळीस मिनिटं
पाठ्यपुस्तक वाचून दाखवलं
तेवीस काळ्या चौकोनांना.
भूगोलाची बाई मी, तिआन-शानची शिखरं तोंडपाठ,
पण कुठला चौकोन कुठल्या उतारावर बसलाय,
त्याच्याकडे ऊन आहे की बर्फ,
काही म्हणजे काही कळेना.

"आवाज येतोय का?" मी विचारायचे.
कुणाच्या तरी मागे मेंढी ओरडायची.
बाकीचे, बहुधा, होते.

जिल्हा कचेरीला हजेरी हवी, तीही फोटोसकट.
ज्याचा चेहरा नाही तो गैरहजर.
कागदावर सोपंच असतं सगळं,
घोडं पेंड खातं ते पुढे.
नूरझातचा डेटा दहा तारखेलाच संपायचा.
जुळ्या भावांत एक फोन:
एकाला अक्षांश कळले, दुसऱ्याला रेखांश.
आणि बुरुलाई, सातवी ब, कॅमेरा कायम बंद.
सतरा वेळा गैरहजर लिहिलं मी तिला,
लाल शाईनं, जरा दाबूनच.

मार्च संपताना एर्मेकच्या दूधगाडीत बसून
तिच्या घरी गेले.
एकच खोली. कोपऱ्यात आजोबा,
नाकात नळी, भिंतीकडे तोंड.
चुलीपाशी पोत्यात गुंडाळलेलं
रात्रीच जन्मलेलं कोकरू.
आईनं चहा ओतला, पावावर साय वाढली.
फोन? तो नऊ वाजता बापाबरोबर कुरणात जातो,
तोवर हिचा.

बुरुलाईनं वही पुढे केली.
शब्दन्‌शब्द उतरवलेला.
वाऱ्यांच्या दिशा, हिमरेषा,
आणि मधूनमधून, सुबक अक्षरात, समासाला धरून:
आवाज येतोय का.
आवाज येतोय का.
मी मोजलं. अकरा वेळा.
एका ठिकाणी खाली पेन्सिलीनं, बारीक:
हो, एझे.

(मुलं मला एझे म्हणतात. ताईच म्हणा ना.)

परतताना दुधाचे कॅन एकमेकांवर आपटत होते.
एर्मेकनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, गाडी चालव.

आता पाठ सहा मिनिटांचा.
नुसता आवाज, चित्र नाही.
रात्री दहानंतर पाठवते, डेटा स्वस्त होतो तेव्हा,
ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा ऐकावं.
नकाशे जातात रिकाम्या कॅनांबरोबर,
परत येतात सायीचे डाग घेऊन,
अरल समुद्राच्या जागी तर हमखास एक डाग.
सोमवारी एकेकाला फोन, अभ्यासाचा नाही,
जेवलास का, कोकरं किती झाली, एवढाच.
आणि प्रश्न विचारला की मी गप्प बसते.
हे सगळ्यात अवघड.
वीस वर्षं फळ्यापुढे बोललेली बाई,
वीस आकडे मोजायचे म्हणते
आणि बारालाच उत्तर सांगून मोकळी होते.

सगळं जमलं असंही नाही.
तिलेक शाळा सोडून काकाच्या मेंढरांमागे गेला.
त्याचे कागद मी अजून पाठवते.
एर्मेक म्हणतो, घेतो, घडी घालून बुटात ठेवतो.
वाचतो का?
ते एर्मेकला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात एकच प्रश्न दिला होता:
तुझ्या घराजवळचं पाणी शेवटी कुठे जातं?
पुस्तकात पाहू नको, बाहेर जा.

बुरुलाईचं उत्तर पहाटे सहाला आलं.
चाळीस सेकंद.
आधी बुटांखाली कडकडणारा बर्फ,
मग कुत्रा, मग तिचा श्वास,
मग बराच वेळ नुसतं पाणी.
शेवटी: एझे, इथून खाली जातं.
पुढचं इथून दिसत नाही.

मी तिच्यापुढे हजर लिहिलं.
फोटोच्या रकान्यात लिहिलं: आवाज येतोय.
कचेरीनं तक्ता परत पाठवला, अपूर्ण म्हणून.
तोच मी पुन्हा पाठवलाय,
एर्मेकच्या गाडीनं.